बंबातले लाकूड आणि मातीचा घास

(पूर्णगड, जि. रत्नागिरी येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

सूर्याच्या उष्णतेने पाणी कोमट करावे, त्या पाण्यात मुरलेले कंपोस्ट भिजवून त्याचा अर्क तयार करावा आणि तो पिकाला द्यावा, अशी एक सूचना सेंद्रिय शेतीच्या चर्चेत अधूनमधून ऐकू येते. वरवर पाहता हा विषय एखाद्या हौशी बागाईतदाराचा वाटेल. जमिनीचा, मजुरीचा, भाववाढीचा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा आहे, त्या कार्यकर्त्यांनी पिंपातल्या पाण्याचे तापमान किती असावे याची चिकित्सा करीत का बसावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच ठरेल. त्याचे उत्तर असे की कोणती वस्तू कशासाठी जाळली जाते, कोणाच्या श्रमाने ती गोळा होते आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा अर्थशास्त्राचा अगदी मूळचा प्रश्न आहे. मुचकुंदीच्या मुखावरच्या या गावात तो प्रत्येक घराच्या मागच्या पडवीत, बंबाच्या तोंडाशी, रोज पहाटे उभा राहतो.

प्रथम अर्काविषयी. कंपोस्टचा अर्क म्हणजे चांगले कुजलेले खत पाण्यात एकदोन दिवस भिजवून, ते पाणी ढवळून वा त्यात हवा सोडून, खतातील उपयुक्त जीवाणू आणि विरघळणारी द्रव्ये पाण्यात उतरवून घेणे. ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसविली, तिच्यावरील १९३१ सालच्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड होते, ही गोष्ट मराठी वाचक सहसा विसरतो. पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळसा काडीकचरा कुजविणारी विटांची जाळीदार टाकी सिद्ध केली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नॅडेप’ हे नाव पडले. विदर्भातीलच सुभाष पाळेकर यांनी प्रसृत केलेले जीवामृत आज अनेक राज्यांतील शेतकरी वापरतात. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाचदहा लिटर गोमूत्र, एकदोन किलो गूळ, तितकेच डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती, एवढा त्याचा सरंजाम. एका गाईचे दिवसाचे शेण साधारण दहा किलो भरते. म्हणजे एका दिवसाच्या शेणातून एकरभर जमिनीला एका वेळेचे जीवामृत मिळते. शेण कोठे जाते याचा हिशेब ठेवणे किती अगत्याचे आहे, हे एवढ्यावरूनही दिसावे.

याच जिल्ह्याच्या इतिहासात या विचाराला आणखी एक पूर्वसूरी आहे. आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू देण्याच्या मागणीसाठी अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभिला. त्याच आप्पासाहेबांनी पुढे १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम उभारला आणि मैला, शेण व काडीकचरा यांचे सोनखत करण्याच्या साध्या रीती तेथे शोधल्या. त्यांच्या दृष्टीने खताचा खड्डा ही जातिनिर्मूलनाची आणि स्वावलंबनाची एकाच वेळी चालणारी शाळा होती. घाण उचलणारा हलका आणि तिच्यापासून पिकलेले खाणारा श्रेष्ठ, ही उतरंड त्यांना खड्ड्यातच पुरावयाची होती. खताला राजकारणाचा विषय म्हणणे कोणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर त्याने हे उदाहरण आठवावे.

आता पाणी तापविण्याच्या सूचनेकडे वळले पाहिजे. ती आली कोठून? ती आली थंड देशांतून. तेथे हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी नळाचे पाणी दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इतक्या गार पाण्यात जीवाणूंची वाढ मंदावते, म्हणून पाणी वीस ते पंचवीस अंशांपर्यंत आणावे लागते. त्यासाठी वीज जाळण्यापेक्षा ऊन वापरावे, हा तेथील शेतकऱ्याचा विचार शहाणपणाचाच आहे. परंतु पूर्णगडचा शेतकरी तीच कृती जशीच्या तशी उचलील तर तो शहाणा ठरणार नाही. विहिरीचे पाणी वर्षभर त्या ठिकाणच्या हवेच्या सरासरी तापमानाच्या जवळपास राहते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ही सरासरी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या घरात आहे. युरोपातल्या शेतकऱ्याला जे तापमान यंत्र लावून मिळवावे लागते, ते येथे रहाटाबरोबर किंवा पंपाबरोबर आपोआप वर येते.

इतकेच नव्हे, तर जास्त तापवणे अपायकारकही आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, वीस अंशांच्या पाण्यात ९.१ आणि तीस अंशांच्या पाण्यात ७.५ मिलिग्रॅम एवढाच प्राणवायू मावतो. अर्कातील उपयुक्त जीवाणू बहुतांशी हवेवर जगणारे असतात. पाणी तापले की त्यांची भूक वाढते आणि त्याच वेळी श्वासाला हवा मात्र कमी पडते. मग अर्क आंबून त्याला दुर्गंधी सुटते. एप्रिल-मे महिन्यांत काळे पिंप उघड्या खळ्यात ठेवले तर अर्काऐवजी जीवाणूंचा काढाच तयार होईल. जीवामृताचे पिंप सावलीत ठेवावे असे जे सांगितले जाते, त्याच्यामागे हे साधे शास्त्र आहे. कोकणात अर्काच्या पिंपाची जागा फणसाच्या झाडाखाली आहे.

डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटा याला अपवाद. त्या दिवसांत उघड्यावरच्या पिंपातले पाणी वीस अंशांपर्यंत उतरू शकते. नेमका तोच काळ आंब्याच्या मोहोराचा आणि भुरीच्या चिंतेचा असतो. पण तेवढ्यापुरता उपाय गणिताच्या एका ओळीत बसतो. वीस अंशांच्या एकशे साठ लिटर पाण्यात पंचेचाळीस अंशांचे चाळीस लिटर पाणी मिसळले की दोनशे लिटर पाणी बरोबर पंचवीस अंशांवर येते. चाळीस लिटर पाणी म्हणजे दोनतीन बादल्या. काळ्या नळीच्या वेटोळ्यात किंवा काळ्या रंगाच्या डब्यात, वर काच किंवा पारदर्शक कागद लावून, दुपारच्या उन्हात ते सहज तापते.

उन्हाचे आणखी दोन उपयोग येथे नोंदवले पाहिजेत. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते. त्या क्लोरिनच्या पाण्यात अर्क केला तर खतातील जीवाणू मरतात. असे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर उन्हात ठेवले की क्लोरिन पुष्कळसे उडून जाते. दुसरा उपयोग भांडी धुण्याचा. पिंपाला आतून जो बुळबुळीत थर धरतो तो पुढच्या खेपेचा अर्क नासवतो. कढत पाणी आणि काथ्याची शेंडी एवढ्यावर तो निघतो. अर्कासाठी उन्हाने तापलेले पाणी हवे आहे ते मुख्यतः या धुण्यासाठी.

येथपर्यंत विवेचन ऐकून कोणी म्हणेल की मग सौर ऊर्जेचा आणि खताचा संबंध येथेच संपला. वस्तुतः तो येथून सुरू होतो. त्यासाठी पिंपाकडून नजर काढून बंबाकडे वळवावी लागेल.

अर्थशास्त्रात एक प्राथमिक तत्त्व आहे. कोणत्याही वस्तूची खरी किंमत तिच्यासाठी मोजलेल्या पैशावर ठरत नाही. ती वस्तू एका कामी लावल्यामुळे दुसरे जे काम राहून गेले, त्या कामाच्या मोलावर ती ठरते. परसातला पातेरा, माडाची झावळी, आंब्या-काजूची छाटलेली फांदी, गोठ्यातले शेण यांना बाजारात भाव नाही, म्हणून ती फुकट आहेत असे समजून जाळली जातात. पण शेण शेणी होऊन चुलीत गेले की त्यातील नत्र धुराबरोबर उडून जाते. मागे राहते ती राख, तीत पालाश आणि थोडे स्फुरद. त्याच नत्रासाठी मग युरियाची गोणी खरेदी होते. जे फुकट म्हणून जाळले त्याची किंमत खतविक्रेत्याच्या उधारीच्या वहीत लिहिली जाते. हा खर्च घरखर्चात दिसत नाही आणि शेतीच्या खर्चात त्याचे कारण दिसत नाही. दोन वह्या एकमेकींशी ताडून पाहण्याची सवय नसल्यामुळे हे नुकसान पिढ्यान्‌पिढ्या अदृश्य राहिले आहे.

एका कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. पाच माणसे, माणशी पंधरा लिटर स्नानाचे पाणी, एकूण पंचाहत्तर लिटर. सव्वीस अंशांचे पाणी बेचाळीस अंशांवर न्यावयाचे, म्हणजे सोळा अंश. उष्णता लागते बाराशे किलोकॅलरी. वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. बंबाने त्यांतील पाचवा हिस्सा पाण्यात उतरवला असे धरले, तरी रोज पावणेदोन किलो लाकूड जळते. उघडिपीच्या आठ महिन्यांत हा आकडा चारशे किलोंच्या वर जातो. हा केवळ स्नानाच्या पाण्याचा हिशेब. भात, पेज, गुरांचे आंबोण यांचे इंधन त्यात धरलेले नाही.

याच्या उलट, स्वच्छ उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर साधारण पाच युनिट म्हणजे सुमारे चार हजार तीनशे किलोकॅलरी उष्णता पडते. साध्यात साध्या काळ्या टाकीने तिच्यातील तिसरा हिस्सा पकडला, तरी चौदाशे किलोकॅलरी हाती येतात. स्नानाला हव्या होत्या बाराशे. म्हणजे एका दाराएवढ्या जागेवरचे ऊन पाच माणसांच्या कढत पाण्याची तजवीज करू शकते. हे ज्ञान नवे नाही. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत आरशांनी ऊन एकवटून पाणी उकळण्याचे प्रयोग केले आणि उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी असे प्रतिपादणारे पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध केले. काळ्या टाकीत पाणी तापविण्याच्या उपकरणाचे पेटंट १८९१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे क्लॅरेन्स केम्प यांनी घेतले. म्हणजे शतकाहून अधिक काळ या तंत्रात कोणतेही गूढ उरलेले नाही. उणीव आहे ती ते कोणासाठी व कोणाच्या खर्चाने पोहोचवावयाचे, या निर्णयाची.

आणि हा निर्णय लांबणीवर पडला याचे कारण उघड आहे. लाकूड कोण आणते? डोक्यावर मोळी, कमरेला कोयता आणि पायांखाली जांभ्याचा तापलेला सडा, हे चित्र कोकणात कोणाला अपरिचित नाही. ते श्रम स्त्रीचे आहेत. त्यांना मजुरी नाही, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत ते नाहीत. आणि गणनेत नाहीत म्हणून ते वाचवणाऱ्या साधनाला ‘परतावा’ही नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी स्त्रीच्या गुलामगिरीचा विचार करताना चुलीचा धूर, पाण्याची पायपीट आणि शौचाची कुचंबणा यांना राजकीय प्रश्नांचा दर्जा दिला, तो याच जाणिवेतून. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसच्या शेगड्या घरोघरी आल्या. पण शेगडी मिळणे वेगळे आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडणे वेगळे. ज्या घरात सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, त्या घरात स्नानाचे पाणी गॅसवर कोण तापवील? ते बंबावरच तापते.

तेव्हा मुद्दा असा की कोकणात सौर ऊर्जेने अर्काचे पाणी तापविण्याची गरज नाही. गरज आहे ती स्नानाचे पाणी तापविण्याची, म्हणजे जे बंबात जाते ते खताच्या खड्ड्यात जाईल. पातेरा, झावळ्या, कोवळ्या फांद्या, शेण ही मातीची भाकर आहे. लाकडाचा जाड ओंडका कंपोस्टला कामाचा नाही हे खरे. पण ओंडक्याची गरज कमी झाली की स्वयंपाकाच्या चुलीला तो पुरतो आणि शेणी थापण्याची वेळ येत नाही. सूर्य आणि कंपोस्ट यांचा दुवा असा घराच्या मागच्या दाराने जुळतो.

याच जिल्ह्यात जाळण्याची दुसरी एक मोठी रीत आहे. ती म्हणजे राब. भाताचा तरवा टाकण्यापूर्वी वरकस जमिनीवरची कवळ तोडून, शेण, पातेरा, गवत आणि वर माती असे थर रचून उन्हाळ्यात भाजावळ करतात. शहरी पर्यावरणप्रेमी या रीतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होतात. ती अडाणीपणाची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यास केला. राखेने आंबट जांभी माती सुधारते, पालाश मिळतो, तणाचे बी मरते आणि मुख्य म्हणजे माती भाजल्याने तिच्यातील अन्नद्रव्ये रोपाला लवकर मिळतात. शेतकऱ्याचे शहाणपण खरे होते. परंतु त्याची किंमत जंगलाने आणि जमिनीतल्या सेंद्रिय द्रव्याने मोजली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे मातीचे सत्त्व धुऊन नेतो, तिथे ही किंमत फार जड आहे.

या ठिकाणी सूर्य खरोखरच आगीची जागा घेऊ शकतो. इस्रायलमधील याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले की ऐन उन्हाळ्यात जमीन चांगली भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चार ते सहा आठवडे ताणून ठेवला की मातीतले पाणी तापते आणि त्या ओल्या उष्णतेने रोगकारक बुरशी व तणाचे बी मोठ्या प्रमाणात नष्ट होते. तरव्याची जागा दोनचार गुंठ्यांची असते. मार्च-एप्रिलचे ऊन येथे मुबलक आहे. तेवढ्या जागेवर कागद ताणावा, मग तिच्यात कंपोस्ट मिसळावे, पेरणीनंतर अर्काचे पाणी द्यावे आणि वाचलेली कवळ झाडावरच राहू द्यावी. राखेचा गुण हवा असेल तर चुलीची राख आहेच. हा प्रयोग गावातल्या गावात, शेजारी राबाचा वाफा ठेवून, एका हंगामात तपासून पाहता येईल. पटले तर स्वीकारावे, न पटले तर सोडावे. त्यासाठी कोणत्याही गुरूची आज्ञा नको.

राबाच्या निमित्ताने जमिनीच्या मालकीचाही उल्लेख केला पाहिजे. ज्याच्याकडे वरकस त्याच्याकडे कवळ, ज्याच्याकडे कवळ त्याच्याकडे राब. खोतीच्या काळात कुळाला पातेऱ्यासाठीही खोताच्या मर्जीवर राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९३८ साली शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. आणि खोती प्रत्यक्षात संपली ती १९४९ च्या कायद्याने. कागदावर कूळ मालक झाले, पण वरकसाचा आणि डोंगराचा वाटा सर्वांच्या पदरात सारखा पडला नाही. ज्या कुटुंबाकडे पाचदहा गुंठेच आहेत त्याला गाडीभर शेणखत घालणे कधीच परवडले नाही. अर्काचे महत्त्व अशा कुटुंबाला अधिक आहे, कारण थोड्या कंपोस्टचा गुण तो पुष्कळ जागेवर पसरवतो.

तथापि अर्काविषयी खोट्या आशा पसरविणे हा कार्यकर्त्याचा धर्म नव्हे. अर्कात अन्नद्रव्ये थोडी असतात; तो खताची जागा घेत नाही, खताला मदत करतो. बुरशीजन्य रोगांवर त्याचा उपयोग कधी दिसतो, कधी दिसत नाही. जगभरच्या प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. हापूसच्या मोहोरावर अर्काची एक फवारणी केली की भुरी गेली, असे सांगत फिरणारा मनुष्य कीटकनाशकाच्या विक्रेत्याचाच सख्खा भाऊ समजावा. आरोग्याची बाजूही आहे. गूळ किंवा काकवी घातलेल्या अर्कात उपयुक्त जीवाणूंबरोबर रोगजंतूही वाढू शकतात, असा इशारा २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानके मंडळाच्या कृतिगटाने दिला होता. म्हणून अर्कासाठी कच्चे शेण वापरण्याऐवजी पुरते तापून मुरलेले कंपोस्ट वापरणे बरे. खताचा ढीग स्वतःच्या उष्णतेने पंचावन्न अंशांवर काही दिवस राहिला की बहुतेक रोगजंतू मरतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर कच्च्या शेणाचे पाणी फवारू नये, हे निक्षून सांगितले पाहिजे.

सौर साधनांच्याही मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. पावसाचे चार महिने सूर्य दिसत नाही; तेव्हा बंब पेटणारच. खाऱ्या वाऱ्याने पत्रा दोनतीन वर्षांत खातो. वानरांच्या टोळ्या काचा आणि नळ्या टिकू देत नाहीत. पाणी संध्याकाळी तापलेले असते आणि स्नान पहाटे होते, म्हणून टाकीभोवती भाताच्या पेंढ्याचे जाड वेष्टण लागते. या अडचणी खऱ्या आहेत, पण प्रत्येकीचे उत्तर गावातल्या सुताराकडे, गवंड्याकडे आणि पत्र्याचे काम करणाऱ्याकडे आहे. लोहियांनी ज्या लहान यंत्राचा आग्रह धरला, ते यंत्र हेच: ज्याची दुरुस्ती गावात होते आणि ज्याच्या मालकाला नोकर व्हावे लागत नाही.

याच्या शेजारी रत्नागिरी जिल्ह्यातील ऊर्जेचा मोठा इतिहास ठेवून पाहावा. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आला. १९९३ साली करार झाला, १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला आणि वीज इतकी महाग पडली की २००१ साली प्रकल्प बंद पडला. मृणाल गोरे आणि अन्य समाजवादी कार्यकर्त्यांनी त्या कराराविरुद्ध दिलेला इशारा खरा ठरला. राजापूर तालुक्यात जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या योजिल्या गेल्या. त्यांच्या विरोधात २०११ साली साखरी नाट्यात झालेल्या गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला. पुढे नाणार आणि बारसू येथे तेलशुद्धीकरणाचा वाद पेटला. हजारो मेगावॉटची भाषा बोलणाऱ्या जिल्ह्यात पंचाहत्तर लिटर पाणी तापविण्यासाठी स्त्री अजून मोळी वाहते. विकासाच्या चर्चेत याहून बोलका आकडा सापडणार नाही. ऊर्जा किती निर्माण झाली एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ती कोणाच्या दारात, कोणत्या रूपात आणि कोणत्या ताब्याने पोहोचली, हे विचारावे लागते.

२०२४ साली घरांच्या छपरांवर सौर वीज बसविण्यासाठी केंद्र सरकारने योजना सुरू केली; तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले. योजना वाईट नाही. पण अनुदान ज्याच्या मालकीचे भक्कम छप्पर आहे आणि जो उरलेला खर्च करू शकतो, त्याच्याकडे वाहते. कौलारू घरातल्या, सामाईक सातबाऱ्यावरच्या, मुंबईच्या मनिऑर्डरीची सवय लागलेल्या आणि आता तीही आटलेल्या कुटुंबाकडे ते फिरकत नाही. सूर्य सर्वांवर सारखा तळपतो हे खरे. त्याचे ऊन पकडण्याची साधने मात्र सारखी वाटलेली नाहीत. उत्पादनाच्या साधनांच्या मालकीचा जुना समाजवादी प्रश्न सूर्यापाशीही सुटत नाही, हे लक्षात ठेवावे.

आणि सेंद्रिय शेती म्हटली की बाजार दूर राहतो, हाही भ्रम आहे. ज्या दुकानात काल औषधाची बाटली होती, त्याच दुकानात आज जीवाणूंची बाटली आहे. परसात फुकट होणारा अर्क शेतकऱ्याने लिटरच्या भावाने विकत घ्यावयाचा असेल, तर फक्त बाटलीवरचे चित्र बदलले, शोषण बदलले नाही. अर्क घरी करण्याचे ज्ञान आणि पाणी तापविण्याचे साधन ही दोन्ही वाडीच्या मालकीची राहिली, तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे. पहिले काम मोजणीचे. एका वाडीत दहा घरे निवडून आठवडाभर किती लाकूड, किती शेणी, किती झावळ्या जळतात, त्या गोळा करण्यात किती तास जातात आणि त्याच घरांत खताच्या किती गोण्या आल्या, हे वहीत लिहावे. ही नोंद घरातील स्त्रियांनी स्वतः ठेवावी. त्या नोंदीतून जो राग उत्पन्न होईल तो कोणत्याही भाषणातून होणार नाही. दुसरे काम बांधणीचे. बचत गटाने किंवा वाडीने मिळून दोनतीन घरांत काळ्या टाक्या बसवाव्यात, त्या पावसाळा सोडून वर्षभर चालवून पाहाव्यात, वानर आणि गंज यांचे उपाय शोधावेत. त्याच परसात नॅडेपची टाकी आणि फणसाखाली अर्काचे पिंप ठेवावे. तिसरे काम मागणीचे. रोजगार हमीच्या कामांत नॅडेप टाक्यांना यापूर्वी स्थान मिळालेले आहे. ग्रामसभेने त्यांची मागणी ठरावाने करावी आणि सौर पाणी-तापकाला सामुदायिक मालकीवर अनुदान मिळावे असा आग्रह धरावा. मच्छीमार वाड्यांना जमीन नाही म्हणून वगळू नये. त्यांच्याकडचा मासळीचा टाकाऊ भाग हे उत्तम खत आहे आणि ते विकून वा बदलून त्यांचाही वाटा यात राहू शकतो. चौथे काम दापोलीच्या कृषी विद्यापीठाला प्रश्न विचारण्याचे. १९७२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ लोकांच्या पैशाने चालते. राबाऐवजी उन्हाने तापवलेला वाफा आणि जांभ्या जमिनीत अर्काचा परिणाम यांची चाचणी लहान शेतकऱ्याच्या शेतावर घ्यावी, असा आग्रह धरण्याचा लोकांना अधिकार आहे.

साथींनो, क्रांती बंबाच्या तोंडाशी सुरू होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या क्रांतीला बंबाच्या तोंडाशी बसलेल्या स्त्रीचे डोळे दिसत नाहीत, ती क्रांती या किनाऱ्यावर फार दूर जाणार नाही. पूर्णगडाच्या तटावर सकाळी पडणाऱ्या उन्हाला कोणी खोत नाही, त्याचा फाळा कोणी मागत नाही. ते उतरवून घेण्याचे साधन गरिबाच्या परसात पोहोचवावयाचे आणि त्याच्या परसातला पातेरा त्याच्याच मातीला परत द्यावयाचा, एवढा हा कार्यक्रम आहे. तो लहान आहे म्हणून क्षुल्लक समजू नये. घरातल्या दोन वह्या एकदा समोरासमोर ठेवल्या की त्याचे मोल वाडीतल्या बायांना इतर कोणापेक्षाही आधी कळेल.